करवतीला चाकं

बावीस वर्षं गॅरेजमध्ये करवत झोपली
आणि माझी गाडी बाहेर.
थंडर बेमधली पहाट सांगून कळायची नाही.
उणे तीस, पाच वाजलेले, इस्पितळातली पाळी,
आणि मी काचेवरचा बर्फ खरवडतेय,
खरवडणी मोडली तर लायब्ररीच्या कार्डाने.

रेइयोशी वाद घालायची सोय नव्हती.
"बीड आहे ते. अडीचशे किलो.
जड आहे म्हणून सरळ कापतं.
जागचं हललं की संपलं."
या एका वाक्याभोवती आमचा संसार झाला.
पाळणा, जिन्याच्या पायऱ्या,
अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांच्या चौकटी,
वेन्डलच्या बायकोची शवपेटीसुद्धा,
सगळं त्याच पात्यावरून गेलं.
भुसा माझ्या पावात सापडायचा.

गेल्या जानेवारीत मी घसरले, हातात ते कार्ड.
मनगट, दोन ठिकाणी.
त्याने मला नेलं, आणलं, सूप गरम केलं,
माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या, त्याही चुकीच्या.
चुकलं, असं म्हणाला नाही.
तो शब्द त्याच्या तोंडून काढायला पक्कड लागते.

मार्चमध्ये एक खोकं आलं.
लोखंडी पट्ट्या, चार चाकं,
पायाने दाबायची एक कळ
आणि बोल्टांची पुडी, एक नट कमी.

वेन्डल गाडीचा जॅक घेऊन आला.
दोघांची वयं मिळून एकशे एकेचाळीस.
एक कोपरा वर, खाली ठोकळा,
मग चहा, मग दुसरा कोपरा.
करवत कण्हली.
खालून कोरं काँक्रीट निघालं,
बाकी जमिनीहून फिकं, जसं घड्याळाखालचं मनगट,
आणि मधोमध माझी शिवणाची टेप,
जिच्यावरून एका उन्हाळ्यात
आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.
मी तरीही बोलले नाही. टेप खिशात घातली.

पहिलाच काप घेतला आणि करवत चालायला लागली.
फार नाही, नखाएवढी.
फळीची कड जळून काळी पडली,
आणि तो त्याच्या आईच्या भाषेत असं काही बोलला
ज्याचा अर्थ पस्तीस वर्षांत
मला कुणी सांगितलेला नाही.

मग कळलं, जमीनच उतरती आहे,
मधल्या जाळीकडे, पाणी जावं म्हणून.
गोटी ठेवली, गेली.
पाणसळ ठेवली, तिचा बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.
एक पाय हवेतच होता.
आठवडाभर तो देवदाराच्या पाचरी तासत राहिला,
प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहून: दाराकडची,
खिडकीकडची, आणि एकीवर नुसतं: ही नाही.
"कापताना चाकं वर," त्याने मला शिकवलं,
"पाय जमिनीला टेकलेले. चाकं फक्त जाण्यापुरती."
जागेच्या खुणेला चार पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या.
गुण्याने तपासून.

काल रात्री तो गोळी घेऊन लवकर झोपला.
बाहेर बर्फ आडवा पडत होता.
मी कळेवर पाय दिला.
अडीचशे किलो जरासे उचलले गेले,
आणि कमरेच्या एका धक्क्याने निघाले,
दारूच्या दुकानातून घरी नेत असलेल्या काकांसारखे,
थोडे तिरके, पण ऐकत.
भिंतीशी उभी केली. मोटार अजून कोमट होती.

गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं
आणि तशीच बसून राहिले.
टपावरचा बर्फ वितळून
थेंब थेंब जाळीकडे चालला होता.
उतार तेव्हा दिसला मला, इतक्या वर्षांनी.

पहाटे काच कोरडी होती. कार्ड पाकिटातच राहिलं.
गाडी बाहेर काढली,
करवत ढकलत जागेवर आणली
आणि ती खुणेपासून दोन बोटं चुकली.
पाळीला उशीर होत होता. राहू दिली.

संध्याकाळी आले तर तो गुडघ्यांवर बसलेला,
जुन्या पट्ट्या नखाने सोलत.
नव्या त्याने लावल्या होत्या,
करवत जिथे मी सोडली होती तिथे.
पाचरी मात्र पुन्हा तासाव्या लागणार, म्हणाला.
मग विचारलं, कॉफी उरलीय का.